डोंगराचं माप

४ सप्टेंबर

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. तुझं पाकीट सकाळच्या बसच्या ड्रायव्हरने आमच्या वॉचमनच्या हातात दिलं आणि वॉचमनने "तुमच्या टेलरमामांचं टपाल खातं" म्हणत माझ्या टेबलावर टाकलं. फोनवर बोललं की मामी ऐकते आणि मग तिचा दमा वाढतो, म्हणून चिठ्ठ्याच लिहायच्या ही तुझी अट मान्य.

सगळे आकडे मिळाले. ऑफिसने वर बसवलेलं यंत्र उंदरांनी वायर खाल्ल्यापासून मुकं आहे आणि नवं यायला हिवाळा उजाडेल, त्यामुळे सध्या डोंगरावरच्या त्या भेगेवर नजर ठेवणारा तू एकटाच. बाराही जोड्यांतल्या खुंट्यांचं अंतर दर दोन दिवसांनी घे. भेगेच्या अलीकडे एक खुंटी, पलीकडे एक. अंतर वाढलं तर खालचा भाग सरकतोय. एवढंच शास्त्र. गुडघा दुखत असेल तर सुताराला पाठव, पण स्वतः चढू नकोस.

तू विचारलंस, पुढे काय करतेस या आकड्यांचं. ते मी एका मोठ्या यंत्राला देते. ते माझ्याजवळ नाही, तीनशे मैलांवरच्या शहरात आहे आणि मी ते कधी पाहिलेलं नाही. देशभरातली माणसं त्याच्यावर आपापली कामं पाठवतात, म्हणून रांग असते. माझ्यासमोर असते एक काळी खिडकी. तिच्यात एक छोटी कमांड लिहायची की ती सांगते, तुमचं काम रांगेत आहे, चालू आहे, पूर्ण झालं किंवा फसलं. बाकी चकार शब्द नाही. आपलं काम आत्ता रांगेत आहे, पुढे त्रेसष्ट जण.

मी दर दहा मिनिटांनी विचारते. विचारल्याने लवकर होत नाही हे माहीत आहे. पण डोंगराच्या पायथ्याशी रस्त्यासाठी जे खोदलंय त्याचा फोटो माझ्या भिंतीवर आहे, आणि त्यात खोदकामाच्या बरोबर वर शाळा दिसते, शाळेला लागून तुमची आळी. बोट ठेवलं तर दोन्ही एकाच बोटाखाली येतात.

तुझी,
ठमी

७ सप्टेंबर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं यंत्र म्हणजे माझ्याच धंद्यातलं निघालं की! गिऱ्हाईक दारात येतं, "मास्तर, झाली का पँट?" मी म्हणतो, "काज-बटण राहिलंय, उद्या या." खरं तर कापडाला कात्री लागलेली नसते. तेव्हा तुझी ती खिडकी "चालू" म्हणाली तरी जपून.

गुडघा ठीक आहे. सुतार बरोबर येतो. तो खुंटीपाशी टेप धरतो, मी वाचतो, आणि वाटेत आम्ही दोन वेळा बसतो. खुंट्या ठोकल्यापासून सगळ्यात जास्त वाढ सातव्या जोडीत आहे, चार सेंटीमीटर. बाकी एक, दीड, दोन. पूर्ण कागद सोबत आहे.

शाळेच्या मुख्याध्यापिका बाई काल दुकानात आल्या होत्या. "मास्तर, एकशे चाळीस मुलं आहेत माझ्याकडे. पालक विचारतात. काय सांगू?" मी म्हटलं, "आमची भाची बघतेय." त्या म्हणाल्या, "मग बरं." त्या गेल्या आणि मला दुपारचं जेवण गेलं नाही.

दुकानाचं मागचं दार अडकायला लागलंय. फुगलं असेल. सुतार रंधा मारून देतो म्हणालाय.

मामी बरी आहे. तिला एवढंच माहीत आहे की मी सकाळी फिरायला जातो. "म्हातारपणी बरी अक्कल आली," असं म्हणते.

तुझा,
मामा

११ सप्टेंबर

ती. मामा,

पूर्ण! खिडकीत "पूर्ण" आलं!

तुझे सात तारखेचे आकडे रांगेतल्या कामात भरले आणि काल सकाळी आपला नंबर लागला. अकरा तास "चालू, चालू" बघत होते. जेवायला गेले नाही, साहेब दोनदा डोकावून गेले. एकदा वाटलं, आता फसणार, कारण मध्येच एका पायरीवर बराच वेळ अडकलं होतं. मग सुटलं. आज आल्या आल्या पहिली कमांड तीच मारली.

उत्तर असं, की हे आकडे धरले तर डोंगर थोडा सरकेल, पण थांबेल. पाऊस संपेपर्यंत धोका कमी. साहेबांनी कागदावर सही केली, खाली माझीही आहे. शाळा चालू ठेवायला हरकत नाही, आळी हलवायची गरज नाही. बाईंना पत्र निघालंय.

मामा, मी गेला महिनाभर झोपेत दचकत होते. काल आईला फोन करून उगाच रडले. ती म्हणाली, "तुला लहानाचं मोठं माझ्या भावाने केलं, तुझा जीव तिथे अडकणारच."

दार रंधून झालं का?

ठमी

१३ सप्टेंबर

चि. ठमीस,

आशीर्वाद. तुझी चिठ्ठी मी आळीत वाचून दाखवली. सुताराने मला उचललंच, बरगड्या अजून ठणकतायत. बाईंनी मुलांना अर्धी सुट्टी दिली. सगळे आनंदात आहेत.

एक विचारायचं होतं. सहज. समजा एखाद्या आकड्यात थोडी गफलत असली, तर यंत्राला कळतं का? म्हणजे ते म्हणतं का, की बाबा, हे माप काही खरं वाटत नाही?

दार रंधून घेतलं. तीन दिवसांत पुन्हा अडकलं.

मामा

१४ सप्टेंबर

मामा,

नाही. यंत्राला काहीही कळत नाही. दिलेलं सगळं ते खरं धरतं. चुकीच्या मापाचं कापड दिलं तर तूही चुकीचाच सदरा शिवशील ना?

बोटभर इकडेतिकडे चालतं, तेवढी मोकळीक आम्ही ठेवतो. तुझ्या सहज विचारण्याची मला लहानपणापासून ओळख आहे. मामा, का विचारतोस? याच बसने उत्तर पाठव. आणि दार का अडकतंय?

ठमी

१५ सप्टेंबर

ठमे,

चार वेळा कागद फाडला. आता हा पाठवतोच.

मी तुला दिलेले आकडे खोटे आहेत. सातव्या जोडीत चार नाही, बारा सेंटीमीटर वाढ होती, तीही सात तारखेच्या सकाळी. आज साडेबारा आहे. बाकीच्या जोड्यांतही मी निम्मं किंवा तिसरा हिस्साच लिहिलं. खरे आकडे माझ्या मापाच्या वहीत आहेत, गिऱ्हाइकांच्या छाती-कमरेच्या खाली. त्या वहीत खोटं लिहायला हात वळला नाही. ऑफिसच्या कागदावर वळला. पूर्ण नक्कल सोबत आहे.

आता का, ते ऐक. आळीतले सगळे मला येऊन सांगायचे, "मास्तर, जपून लिहा. एकदा का लाल शेरा बसला की घर गेलं." सुतार तर हसत हसत म्हणाला, "टेप जरा ताणून धरतो. गिऱ्हाइकाचं पोट कमी दाखवायला तुम्ही धरता ना, तसा." मी हसलो. पहिल्या दिवशी टेप ताणला. दुसऱ्या दिवशी ताणूनही भागेना, तेव्हा लेखणी ताणली. पण दुसऱ्यांच्या गळ्यात का घालू? मला भीती होती मामीची. तिला श्वास लागतो तेव्हा ती दुकानाच्या पुढच्या पायरीवर बसते, रस्त्यावरच्या चार जणींशी बोलते आणि श्वास जागेवर येतो. तिला तिथून उचलून कुठल्या तरी कोंदट खोलीत नेलं तर ती किती दिवस काढेल? असा हिशोब केला. मला वाटलं, चार काय नि बारा काय, एवढा डोंगर, तो काय बोटाएवढ्या फरकाने पडतो?

मग तुझं "पूर्ण" आलं आणि सगळे नाचले, आणि त्या गर्दीत मला एकट्याला माहीत होतं की ते कशाच्या जोरावर नाचतायत. दोन दिवस मी शाळेची घंटा झाली की दुकानातून उठून रस्त्यावर येऊन उभा राहतो. मुलं बाहेर येईपर्यंत वर बघत असतो. मुलं सुटली की आत जाऊन मशीनवर बसतो. दोरा सुईत जात नाही.

दार फुगलेलं नव्हतं, चौकटच तिरकी झालीय, आणि दुकानाच्या भिंतीमागे परवापासून गढूळ पाणी झिरपतंय.

मला शिव्या दे, पण आधी तुझ्या यंत्राला खरं सांग.

मामा

१७ सप्टेंबर

मामा,

शिव्या नंतर. आधी हे वाच आणि वाचून झालं की मामीला घेऊन बाहेर पड.

तुझी चिठ्ठी हातात पडली तशी मी खरे आकडे भरून काम पाठवलं. रांगेत पुढे एकोणपन्नास जण. तीनशे मैलांवर त्या यंत्राची राखण करणारा एक गृहस्थ आहे, त्याला मी कधी भेटलेले नाही. त्याला फोन केला. म्हटलं, माझं काम पुढे घ्या. तो म्हणाला, "सगळ्यांनाच घाई असते, बाई." मी म्हटलं, "माझी मामी त्या डोंगराखाली झोपते." पाच मिनिटांनी कमांड मारली तर आम्ही पहिले होतो.

चालू. मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटांत फसलं.

मला वाटलं, घाईत आकडा चुकला. तपासून पुन्हा पाठवलं. फसलं. वेळ कमी पडला असेल म्हणून जास्त वेळ मागितला. फसलं. चौथ्यांदा घाईत कमांडच चुकीची पडली. पुन्हा त्याला फोन केला, तुमच्या यंत्रातच काहीतरी बिघडलंय म्हणून भांडले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, यंत्र धडधाकट आहे. जागा मिळाली, वेळ मिळाला. तुमचं काम पहिल्याच पायरीवर उत्तर शोधत बसतं आणि त्याला ते सापडत नाही. तुम्ही शोधायला काय सांगितलंय?"

आणि मामा, तेव्हा मला कळलं. मी त्याला शोधायला सांगितलंय, की हा डोंगर कुठल्या स्थितीत स्थिर उभा राहील. खऱ्या आकड्यांवर त्याला अशी एकही स्थिती सापडत नाहीये. फसतंय ते गणित नाही. फसतोय तो डोंगर.

साहेबांकडे धावले. ते म्हणाले, "पूर्ण झालेलं एक काम आपल्या सहीने फायलीत आहे. फसलेल्या कामावर मी शाळा बंद करू? वर काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, ते पूर्ण झालेलं काम खोट्या आकड्यांचं आहे. ते म्हणाले, "तसं कोण म्हणतं? तुझ्या मामाची चिठ्ठी? मग त्याने सगळ्यांसमोर सांगू दे, लेखी देऊ दे."

म्हणून तुला सांगावं लागेल, चारचौघांत. बाईंना मी फोन केलाय, त्या तुझी वाट बघतायत. आजच जा.

ठमी

१९ सप्टेंबर

चि. ठमीस,

सांगितलं.

बाईंनी काल सकाळी शाळेच्या पटांगणात पालक बोलावले होते. मुलं वर्गात होती, खिडक्यांतून बघत होती. मी मापाची वही छातीशी धरून उभा होतो. चाळीस वर्षं ज्यांचे कपडे शिवले तीच माणसं, कुणाचा कोणता खांदा उतरता आहे ते मला डोळे मिटून सांगता येईल. त्यांच्याकडे बघता येईना. मी वही उघडून वाचलं. ऑफिसला लिहिलं चार, होतं बारा. आज सतरा आहे. बाईंनी दोन्ही कागदांवर माझी सही घेतली, त्यांचीही केली.

मग मागून एकजण म्हणाला, "म्हणजे हा तेव्हा खोटं बोलत होता की आत्ता बोलतोय?" ठमे, त्याचं बरोबरच होतं. मापात पाप केलेल्या माणसाने दुसऱ्यांदा माप सांगितलं तर त्यावर विश्वास कुणी आणि का ठेवावा?

बाई मात्र थांबल्या नाहीत. आत गेल्या, घंटा दिली आणि मुलांना रांगेने नदीच्या पुलावरून पलीकडच्या लोकरीच्या गोदामात नेलं. तुमच्या साहेबांच्या कागदाची वाट पाहिली नाही. मुलं गेली म्हटल्यावर बायका निघाल्या, बायका निघाल्या म्हटल्यावर पुरुषांना काय पर्याय! संध्याकाळपर्यंत अर्धी आळी गोदामात होती.

मामीला घरी आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी केलंत?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी तेव्हाच उठले असते." आणि स्वतः पिशवी भरायला लागली. गोदामात लोकरीचा वास आहे, पण दारं मोठी आहेत. दारात बसते.

सुतार आला नाही. तो माझ्याशी बोलतही नाही. "मास्तर, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत," एवढंच म्हणाला. त्याची बायको मुलीला घेऊन आलीय, तो घरीच आहे.

मामा

२६ सप्टेंबर

मामा,

तुझा सही केलेला कागद दाखवल्यावर साहेबांनी शेवटी लाल शेरा मारला आणि उरलेली आळीही बहुतेक हलली. पण आता उलटी तऱ्हा. आठ दिवस झाले आणि काही घडलं नाही, म्हणून वरून रोज विचारणा होते की लोकांना किती दिवस गोदामात ठेवणार. साहेब म्हणतात, पुन्हा चालवून बघ. मी रोज चालवते. रोज दोन मिनिटांत फसतं. वर्गात एकच धडा पुन्हा पुन्हा वाचावा तसा मी तो शब्द वाचते.

तुला म्हणून सांगते. मला डोंगर पडण्याची भीती आहे आणि न पडण्याचीही. न पडला तर लोक परत जातील आणि मग पडेल. कुणालाही परत जाऊ देऊ नकोस. आणि तू वर चढून माप घेणं बंद कर. आता त्याची गरज नाही, आम्हाला कळलंय. ऐकतोस ना?

ठमी

१ ऑक्टोबर

चि. ठमीस,

तू परवा फोनवर आवाज ऐकलास, पण तेव्हा फार बोलणं झालं नाही. म्हणून सगळं लिहितो.

अकराव्या दिवशी लोकांचा धीर सुटला. गोदामात एकाला एक लागून अंथरुणं, एकच नळ. आकाश निरभ्र, डोंगर जागच्या जागी. माझ्याकडे बघून माणसं कुजबुजायची. दोघंतिघं सकाळी जाऊन घर झाडून आले, काही झालं नाही. मग सगळ्यांनी ठरवलं, दुसऱ्या दिवशी परत जायचं. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "मला ओलांडून जा," म्हणाल्या. त्यांच्यापुढे कुणाची छाती झाली नाही, म्हणून एक दिवस पुढे ढकललं.

तो दिवस एकोणतीस तारीख. सुतार सकाळी गोदामात आला होता. आदल्या दिवसापासून त्याचा राग उतरला होता. माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "मास्तर, तुमची मशीन तिथे गंजतेय. मी आणून देतो, हातगाडी आहे माझ्याकडे. बसून बसून वेड लागेल तुम्हाला." मी म्हटलं, "नको." तो म्हणाला, "अर्ध्या तासात येतो." मी त्याचा हात धरला होता, ठमे. धरला होता, पण घट्ट नाही. माझ्या मनात चोर होता, की ह्याला आता कुठल्या तोंडाने अडवू? एकदा खोटं बोललेला मी, पुन्हा कशाच्या आधारावर सांगू? सोडला मी हात.

अकराच्या सुमाराला आवाज आला. गडगडाट नव्हे. जाड कापड टरकावं तसा, पण लांबच लांब, संपेचना असा. आम्ही सगळे पुलाशी धावलो. डोंगराचा एक तुकडा, झाडं उभीच्या उभी धरून, खाली येत होता. हळू वाटत होता. शाळेचं छप्पर एका बाजूने उचललं गेलं आणि दिसेनासं झालं. मग आळी. मग धूळ. धूळ पुलापर्यंत आली आणि आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनाशी झाली. मुलं गोदामात पाढे म्हणत होती. त्यांचा आवाज थांबला आणि मग त्या शांततेत एकटीच एक मुलगी पुढचा आकडा म्हणाली.

सुतार कालपर्यंत सापडला नव्हता. आज सकाळी सापडला. हातगाडीपाशी.

एकशे चाळीस मुलं आहेत. बाईंनी तीन वेळा मोजली. बाकी आळीही सगळी आहे. एक सोडून.

मामा

३ ऑक्टोबर

मामा,

काय लिहू? तुझी चिठ्ठी वाचली आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसले.

इथे चौकशी सुरू झालीय. पहिल्या कागदावर माझीही सही आहे. साहेब म्हणाले, "मामाच्या आकड्यांवर विसंबलो एवढंच सांग, तू सुटशील." मी सगळं लिहून दिलंय. तुझं खोटं, आणि माझंही. अकरा तास चालताना मध्येच ते काम एका पायरीवर अडकलं होतं, आठवतं? तेव्हाच मी थांबून विचारायला हवं होतं की का अडकलं. मला "पूर्ण" हवं होतं, ते मिळालं, मी पुढचं पाहिलं नाही. तू खरं लपवलंस आणि मी शोधलं नाही. माझी नोकरी राहील की जाईल, माहीत नाही.

घट्ट धरला असता तरी त्याने हात सोडवला असता. तो तसाच होता. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये.

आणखी एक, सांगायला जीव धजत नाही. तुम्ही ज्या गोदामात आहात त्याच्या मागेही टेकडी आहे, तिच्याही पायथ्याशी रस्ता खोदलाय. ऑफिसने परवा तिथे सहा जोड्या खुंट्या ठोकल्या. रोजचं माप घ्यायला स्थानिक माणूस हवाय. मी तुझं नाव सुचवलेलं नाही. सुचवणारही नाही. बाईंना विचारेन म्हणते.

ठमी

८ ऑक्टोबर

चि. ठमीस,

आशीर्वाद. बाईंना विचारू नकोस, त्यांना मुलं पुरे आहेत.

काल सुताराची बायको माझ्याकडे आली. आठ दिवसांत ती कुणाशी बोलली नव्हती. मामीने तिला बसायला दिलं आणि स्वतः उठून दारात गेली. ती समोर बसली. मला वाटलं, आता ही मला जे म्हणेल ते मी ऐकून घेईन.

ती म्हणाली, "मास्तर, पहिल्या वेळचा खरा आकडा किती होता?"

"बारा."

"लिहिलात किती?"

"चार."

तिने आपली बोटं आमच्यामधल्या लाकडी खोक्यावर पसरली, बारा सेंटीमीटर म्हणजे केवढं ते बघितलं. मग म्हणाली, "टेप ताणून धरतो, हे ह्यांनीच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मेलेल्या माणसाचं नाव मी तिच्यापुढे कधीच घेणार नव्हतो.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "घरी येऊन हसत हसत सांगत होते. मीही हसले होते." आणि ती रडली नाही. मी रडलो. ती थांबली, माझं होईपर्यंत.

मग म्हणाली, "त्या मागच्या टेकडीवर खुंट्या ठोकल्यात. माप कोण घेतं?"

"अजून कोणी नाही."

"माझी मुलगी ह्या भिंतीला डोकं लावून झोपते. उद्या सकाळपासून आपण दोघं जायचं. तुम्ही टेप धरायचा. वाचणार मी, लिहिणार मी."

आज गेलो होतो. मला भीती वाटत होती, तिलाही वाटत असणार. चौथ्या जोडीपाशी माझ्याकडून टेप तिरका धरला गेला. ती म्हणाली, "सरळ धरा, मास्तर," आणि मी सरळ धरला. तिने वाकून आकडा वाचला, पुन्हा वाचला, मग लिहिला.

कागद सोबत आहे. अक्षर तिचं आहे. लगेच रांगेत लाव.

तुझा,
मामा